फळ्यावरची अठरा जानेवारी

आमच्या शाळेच्या पायऱ्या चढून आत शिरले, की उजव्या हाताला भिंतीत बसवलेला एक काळा फळा दिसतो. त्याच्या माथ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'आजचा दिनविशेष' ही अक्षरे कायमची रंगवलेली आहेत. त्यांच्या खालची अक्षरे मात्र रोज बदलतात, आणि ती बदलण्याचे काम गेली एकोणीस वर्षे माझ्याकडे आहे. हा मान मला विद्वत्तेमुळे मिळाला, असा कोणाचा समज होऊ नये. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. प्रमाणपत्रावर एस.एस.सी. असे छापले आहे. पण आमच्या वडिलांनी चाळीत पेढे वाटले ते 'पोरगा मॅट्रिक झाला' म्हणून, तेव्हापासून मी मॅट्रिकच. दोन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. परंतु शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यापेक्षा माझ्या अक्षराचीच कीर्ती अधिक. इतिहासाच्या बाईंचे अक्षर त्यांचे त्यांनाच लागत नाही, म्हणून इतिहास माझ्या वाट्याला आला.

या कामासाठी मी एक वही केली आहे. पाने ३६६. प्रत्येक तारखेला एक पान. एकोणतीस फेब्रुवारीलाही एक, बिचारे चार वर्षांतून एकदा उघडते. कोणाचा जन्म, कोणाचे निधन, कुठे तह झाला, कोणी शतक ठोकले, जे जे वाचनात येईल ते त्या त्या पानावर टिपून ठेवायचे आणि सकाळी त्यातले चार-पाच निवडून रंगीत खडूने फळ्यावर उतरायचे. दिसायला काम सोपे. परंतु तारीख ही चीज फार फसवी असते, हे वही करताना कळले. शिवजयंतीच्या तिथीवरून आणि तारखेवरून महाराष्ट्रात किती शाई आणि किती घसे खर्ची पडले, ते वाचकांना ठाऊकच आहे. जुन्या माणसांचे जन्म घरी तिथीने टिपलेले. इंग्रजी तारीख मागाहून कोणी तरी पंचांग चाळून बसवायची. तेव्हा खात्री होईपर्यंत मी पेन्सिलीने लिहितो, खात्री झाली की शाईने गिरवतो.

या वहीत सर्वांत मळलेले पान आहे ते अठरा जानेवारीचे. आज त्याच पानाविषयी थोडे लिहायचे आहे.

त्या पानावर जगाची वर्दळ काही कमी नाही. १८७१ साली याच दिवशी व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. आणि ते साम्राज्य महायुद्धात धुळीला मिळाल्यावर, १९१९ साली, विजेत्यांची शांतता परिषद पॅरिसला सुरू झाली तीही अठरा जानेवारीलाच. १९३६ साली रुडयार्ड किपलिंग वारला. हा मनुष्य जन्माने आपला मुंबईकर, वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते आणि त्याच आवारात त्याचा जन्म झाला. माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तराला ही नोंद गाळवत नाही. १९४७ साली कुंदनलाल सैगल जालंधरला गेले. १९७७ साली याच दिवशी इंदिरा गांधींनी लोकसभेच्या निवडणुका जाहीर केल्या आणि आणीबाणीच्या अंताला सुरुवात झाली. ही सारी मंडळी मी आळीपाळीने फळ्यावर आणतो. परंतु पहिली ओळ दर वर्षी एकच असते. '१८४२ : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म, निफाड.'

रानड्यांत आणि माझ्यात एक साम्य आहे: दोघेही मॅट्रिक. फरक एवढाच, की ते पुढे गेले आणि मी तिथेच राहिलो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली, आणि त्या पहिल्याच तुकडीत रानडे होते. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. झाले ते रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पोरांना मी हे सांगतो तेव्हा कोणी तरी हटकून विचारते, "सर, पहिल्या परीक्षेला आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका कुठून आणल्या असतील?" याला उत्तर नाही.

बालपण कोल्हापुरात काढून रानडे शिकायला मुंबईस आले तेव्हा त्यांचे वय चौदा. मौज अशी, की त्याच सुमारास, १८५६ साली, ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी फिरू लागली. मुंबईतली ही पहिली कापूस-गिरणी. म्हणजे एक मुलगा निफाड-कोल्हापूरकडून मुंबईत येतो आणि एक धुरांडे मुंबईच्या आभाळात वर येते, ही दोन्ही एकाच वेळची. पुढे या मुलानेच देशाला सांगितले, की आपण नुसता कच्चा माल पिकवून बोटीत चढवीत बसलो आणि आपल्याच कापसाचे कापड परदेशातून विकत घेत राहिलो, तर दारिद्र्य हटणार नाही. १८९० साली पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेमागे ते होते. १८९२ साली डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्रजी पुस्तकांतले खुल्या व्यापाराचे सिद्धांत प्रत्येक देशाला, प्रत्येक काळी जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मागे पडलेल्या देशात सरकारने उद्योगधंद्याला हात दिला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. सरकारी न्यायखात्यात नोकरी करणाऱ्या माणसाने हे बोलायचे, म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

त्यांच्यात विसंगती होत्या. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या या सुधारकाने पहिली पत्नी वारल्यावर, १८७३ साली, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. लोकांनी नावे ठेवली, ती उगीच नाही ठेवली. पण त्या मुलीला त्यांनी शिकवले, आणि १९१० साली तिने, म्हणजे रमाबाईंनी, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक दिले. रानड्यांना जवळून पाहायचे असेल तर त्या पुस्तकाइतकी दुसरी खिडकी नाही. १८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईतच गेले. एकोणसाठ वर्षे पुरी व्हायला दोन दिवस कमी होते. ही सोळा जानेवारीही वाचकांनी लक्षात ठेवावी. ती पुढे यायची आहे.

असो. फळ्यावर नुसते न्यायमूर्ती असले, की मुले मान वळवूनही पाहात नाहीत. "सर, खेळाडू कोण?" ही त्यांची पहिली पृच्छा. अठरा जानेवारीने या बाबतीत मला कधी अडचणीत आणले नाही. '१९७२ : विनोद कांबळी यांचा जन्म.' मीही त्या पोरांच्याच बाजूचा. १९८८ सालच्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात दादरच्या शारदाश्रमच्या दोन पोरांनी सेंट झेवियर्सविरुद्ध अभेद्य ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. 'डाव सोडा' असा निरोप सीमेबाहेरून येत होता आणि हे दोघे तिकडे पाहायचेच टाळीत होते, ही कथा आमच्या चाळीत किती वेळा रंगली, त्याला गणती नाही. शिवाय प्रतिपक्षाचा डाव आला तेव्हा कांबळीने ३७ धावांत ६ गडीही बाद केले. हे मात्र लोक विसरतात.

पण वहीत शाईने गिरवलेली नोंद आहे ती १८ जानेवारी १९९३ ची. जयपूरला इंग्लंडशी एकदिवसीय सामना होता. कांबळीचा तो एकविसावा वाढदिवस. त्याने नाबाद १०० धावा केल्या. दुसऱ्या बाजूला सचिन नाबाद ८२, दोघांची अभेद्य भागीदारी १६४. वाढदिवशी एकदिवसीय सामन्यात शतक करणारा तो जगातला पहिला फलंदाज. त्या महिन्यात मुंबई दंगलींनी होरपळली होती. आम्हा पोरांना चाळीच्या दाराबाहेर पाऊल टाकू देत नव्हते. गॅलरीत एकाच रेडिओभोवती सगळे बिऱ्हाडकरू कोंडाळे करून बसले होते, आणि शतक झाले तेव्हा कित्येक दिवसांनी आमच्या चाळीत मोठ्याने आवाज झाला. सामना आपण हरलो. इंग्लंडने अखेरच्या चेंडूवर जिंकला. पुढच्या दोन महिन्यांत कांबळीने कसोटीत २२४ आणि २२७ अशा दोन द्विशतकी खेळ्या केल्या, आणि १९९५ साल संपता संपता त्याचे कसोटी खेळणेही संपले. १७ कसोट्या, १०८४ धावा, सरासरी ५४ च्या वर. हे आकडे फळ्यावर लिहिले, की मुले विचारतात, "मग पुढे का नाही खेळला?" मी खडूचा डबा बंद करतो.

दिनविशेष लिहिणाऱ्याला एक खोड लागते. तारखेचा वार काढण्याची. रानडे मंगळवारी जन्मले, कांबळीही मंगळवारी. जयपूरचे शतक सोमवारचे. आणि या पानावरची जी नोंद मी अजून सांगितली नाही, तीही सोमवारची. '१८ जानेवारी १९८२ : मुंबईतील गिरणी कामगारांच्या संपाला प्रारंभ.'

ही ओळ फळ्यावर लिहायला मला सतरा वर्षे लागली. कारण सांगायचे तर आधी मी राहतो कुठे, ते सांगितले पाहिजे. मुंबईत भोईवाडे दोन. एक भुलेश्वरचा, दुसरा परळचा. मी परळच्या भोईवाड्यातला. भोई म्हणजे पालखी वाहणारे. पण माझ्या जन्मापर्यंत इथली पालखी म्हणजे गिरणी, आणि सगळी वस्ती तिला खांदा देणारी. आमचे वडील परळच्याच एका गिरणीत त्रासन खात्यात होते. आमच्याच भोईवाड्यात, गं. द. आंबेकर मार्गावर, 'मजदूर मंझिल' आहे, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाची कचेरी. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे एका उद्योगात मालकांशी बोलणी करणारी मान्यताप्राप्त संघटना एकच, आणि ती ही. १९८१ च्या दिवाळीच्या तोंडावर बोनसवरून ठिणगी पडली. वाचकांच्या हाती हा अंक दिवाळीत पडेल, म्हणून सांगतो, की गिरणगावात दिवाळी आणि बोनस हे शब्द वेगळे उच्चारले जात नसत. कामगार आपली संघटना सोडून डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. त्यांनी पुढे व्हावे म्हणून गळ घातली. पगारवाढ हवी, बदली कामगार कायम व्हावेत, तो एका संघटनेचा कायदा जावा, या मागण्या. काही गिरण्या तेव्हापासूनच बंद पडल्या. ६ जानेवारीला एक दिवसाचा लाक्षणिक संप झाला, आणि १८ जानेवारीला सगळे गिरणगाव थांबले. सुमारे अडीच लाख माणसे.

आदल्या दिवशी रविवार होता; साप्ताहिक सुट्टी. इथे थोडे आडवाटेला जायला हवे. दिनदर्शिकेत रविवार लाल शाईत छापतात, पण हा लाल अंक मुंबईच्या कामगाराला कोणी फुकट दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांची सभा भरवली ती परळच्या सुपारीबागेत, आमच्या दारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी, या मागणीवर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. सह्या कसल्या, पुष्कळांचे अंगठेच असावेत. पुढे सहा वर्षे धरणे, सभा, अर्ज. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरण्या उभ्या राहाव्यात, ही तळमळ रानड्यांची; त्यांत दिवस दिवस उभे राहणाऱ्यांची तळमळ लोखंड्यांची. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले. दोघेही एकाच शहराच्या इतिहासात आहेत; पण माझ्या लहानपणी शाळेच्या भिंतीवर तसबीर होती ती एकाचीच.

संपाची हकीकत मी लांबवीत नाही. संप सुरू झाला त्याच आठवड्यात मुख्यमंत्री बदलले. अंतुले पायउतार झाले होते, २१ जानेवारीला बाबासाहेब भोसले आले. गावोगावहून धान्य आले. गिरणगावातले अर्धे पुरुष कोकणात, साताऱ्याला, आपापल्या गावी निघून गेले. १८ ऑगस्टला पोलिसांनीच बंड केले. आमच्या शेजारच्या नायगावची पोलीस वसाहत त्या दिवशी रस्त्यावर होती, आणि संपकरी गिरणी कामगारही त्यांच्यात मिसळले. १९८३ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. टाटा, फिनले, जाम, कोहिनूर, गोल्ड मोहर त्यांतल्याच. एक लाखाहून जास्त माणसे पुन्हा कामावर गेलीच नाहीत. डॉ. सामंत १९८४ साली याच गिरणगावातून लोकसभेवर निवडून गेले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईला त्यांचा खून झाला. रानड्यांची ती सोळा जानेवारी ही अशी. तारखा जुळतात त्यात अर्थ काही नसतो, हे मला कळते. तरी वहीत त्या पानावर मी दोघांची नावे शेजारी शेजारी लिहिली आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी ही ओळ प्रथम फळ्यावर लिहिली. हेडमास्तर थांबले. म्हणाले, "मास्तर, हे पाठ्यपुस्तकात आहे का?" मी म्हणालो, "बघून सांगतो." अजून बघितलेले नाही. पण मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी आली. फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, प्रारंभ लिहिलंत. मग मिटला कधी?"

महायुद्ध असो की निवडणूक असो, वहीत दोन टोकांना दोन तारखा असतात. इथे दुसरी तारीख नव्हती. हा संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. मी तिला म्हटले, "घरी विचारून ये." तिने ते वर्गातही सांगितले असावे. दुसऱ्या दिवशी तीन मुले तीन उत्तरे घेऊन आली. एकाचे आजोबा म्हणाले होते, त्र्याऐंशीच्या गणपतीत मिटला, कारण तेव्हा त्यांनी वडाळ्याला रात्रीची वॉचमनकी धरली. दुसऱ्याच्या आजीच्या मते, गहाण टाकलेली पोत आता सुटत नाही हे कळले त्या दिवशी. तारीख तिला सांगता येईना, श्रावणातला शुक्रवार होता एवढे पक्के. आणि त्या मुलीच्या घरी सांगितले, मिटलाच नाही. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली. त्यांचा नंबर अजून लागायचा आहे.

त्या रात्री मी आईला विचारले. वडील जाऊन बरीच वर्षे झाली. आईने पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली आणि तळातून १९८२ ची दिनदर्शिका काढली. देवाच्या तसबिरीखाली घालायला कधी तरी उपयोगी पडेल म्हणून राहिलेली. चौकटींच्या कोपऱ्यांत आईच्या दुधाच्या खाड्याच्या खुणा. आणि अठरा जानेवारीपासून पुढे प्रत्येक चौकटीत पेन्सिलीची एक बारीक फुली. वडील आपला खाडा मांडीत होते. पानामागून पान मी मोजत गेलो. एकाही रविवारवर फुली नव्हती. संपात सुट्टी ती काय, पण रविवार त्यांनी आपल्या हिशेबात धरला नव्हता. तो आधीच मिळालेला होता. फुल्या २२९ भरल्या. शेवटची होती सोमवार, ११ ऑक्टोबरची.

"त्या दिवशी काय झालं?" मी विचारले.

"काय व्हायचंय? कापणीला गेले असतील गावाला. कॅलेंडर काय डोक्यावर घेऊन जाणार होते?"

"आणि परत आल्यावर?"

"परत आल्यावर भाजीची पाटी घेतली. मग कुठली फुली."

मी नोव्हेंबरचे पान उलटले. पंधरा तारखेला लक्ष्मीपूजन. त्या पानावर फुली नव्हतीच, पण दुधाच्या खाड्याचीही खूण नव्हती. ते मी आईला दाखवले.

"दूध बंदच केलं होतं," आई म्हणाली. "तू कोरा चहा प्यायचास, तुला आठवायचं नाही. पण चकल्या केल्या होत्या हो त्या वर्षी. ह्यांनी गावाहून नवे तांदूळ आणले होते, त्यांच्या. थोड्या कडक झाल्या."